कांडीची वाट

एकतीस वर्षं मी चादरीचे आलेख काढले.
एक चौकोन म्हणजे एक धागा,
भरला तर वर, कोरा तर खाली.
मोर, कमळ, गोपूर,
एकदा एका शेठच्या हट्टापायी विमानसुद्धा.
आता तोच कागद पुन्हा पसरलाय चटईवर
आणि एक चौकोन म्हणजे एक फूट.
परसदार: चोवीस बाय अठरा.
जिथे नको तिथे नेमका कडुनिंब.

"कुक्कासाठी फरशी?"
पद्मावती म्हणाली, आणि हसली.
हसते ती अजून तेलुगूतच.

कांडी माझ्याबरोबर कारखान्यातून आली,
माग भंगारात गेले त्या आठवड्यात.
मागचा उजवा पाय तेव्हापासूनच अधू.
हिशेबाचं पाकीट पोरीच्या फीमध्ये गेलं.
ही राहिली.

इरण्णा गवंडी नमुने घेऊन आला:
लाल ब्लॉक, राखाडी ब्लॉक,
घोटलेला कोटा, खडबडीत शहाबादी.
म्हटलं, ठेव उन्हात, भाकरी खाऊन येऊ.
एप्रिलातले दोन वाजलेले.
मग एकेकावर पालथा हात टेकवून मोजलं.
लालवर तीन आकडे. राखाडीवर चार.
कोट्यावर पाच, पण त्यावर तांब्याभर पाणी ओतलं
तर मीच घसरलो, दोन पाय धड असलेला.
शहाबादीवरही पाचच.
इरण्णानं तोच दगड पायानं निंबाखाली सरकवला,
एक बिडी संपवली, म्हणाला, आता ठेवा.
वीसपर्यंत मोजलं. हात उचलावासा वाटेना.

म्हणजे निम्मा प्रश्न दगडाचा नव्हताच.

दुसऱ्या दिवशी बारापासून पाचपर्यंत
तासातासाला चुन्याने सावलीची कड आखत बसलो.
कल्लप्पा भिंतीवरून बघून गेला. काही विचारलं नाही,
पण संध्याकाळी त्याच्या बायकोने
पद्मावतीला विचारलं, "बरे आहेत ना?"

इरण्णाची दोरी काटकोनात चालते.
कांडी नाही चालत.
तिची एक वाट आहे, मोरीपासून निघून,
नळाला वळसा घेऊन, तिरपी फाटकापर्यंत;
चार वर्षांत तिथलं गवत मेलंय.
मी ती आहे तशी कागदावर उतरवली.
"मालक, वाकडं दिसतंय की हे."
दिसू दे. विणीतही तिरपं येतं,
त्याला ट्विल म्हणतात, आणि दर जास्त लावतात.

खाली मुरूम, वर कच, वर चाळलेली वाळू.
सांध्यात सिमेंट नको, हरळी येऊ दे:
पोट बिघडलं की ती तेवढीच खाते.
उतार निंबाच्या बुंध्याकडे,
नळाला पाणी चौथ्या दिवशी,
फरशी धुतलेलं तरी झाडाला लागो.
नळाखाली तिनं उकरलेला खड्डा,
तिथला चौकोन मी कोरा ठेवला.
इरण्णा तीनदा म्हणाला, एक फरशी उरली.
उरू दे.

कण्हेर काढायची म्हटल्यावर मात्र
घरात दोन दिवस ताटंच तेवढी वाजली.
मुळापासून पानापर्यंत विष,
आणि ही दिसेल ते चघळते.
पण पद्मावतीच्या देवाला रोजची पाच फुलं तिचीच.
तिसऱ्या सकाळी उठलो तर कुदळीचा आवाज.
"जास्वंद आणा," एवढंच म्हणाली,
हात राखेने घासत.

काम संपलं त्या दिवशी कांडी आली,
सगळी फरशी कडेकडेने हुंगली,
माझ्या तिरप्या वाटेवरून एकदा गेली,
परत आली,
आणि मातीच्या खड्ड्यात जाऊन बसली.
इरण्णा पैसे मोजता मोजता हसला. मीही.

मे महिन्यात दगड रात्री अकरापर्यंत धग सोडतात.
हे आलेखात नव्हतं.
आता रोज दिवेलागणीला पद्मावती बादली आणते,
तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं, साठवलेलं पाणी,
आणि वाटेभर शिंपडते, फाटकापर्यंत.
"माझे पाय भाजतात म्हणून," म्हणते,
पायात चप्पल.
तिच्या मागोमाग, ओल्यावर नेमकं पाऊल ठेवत,
तीन पायांवर भार,
चौथा नुसता टेकवत.